दुपारचा वारा येतो कुठून?

मार्च उजाडला की मुंबईत एक बातमी हमखास येते. पारा एकाएकी 38-39 अंशांवर चढतो आणि हवामान खातं कारण देतं: आज समुद्रावरचा वारा उशिरा सुटला. एरवी अकरा-बाराच्या सुमारास येणारा वारा दोन-तीन वाजले तरी आलेला नसतो, आणि तेवढ्या वेळात शहर भाजून निघतं. बहुतेक जण ही बातमी वाचून पंखा वाढवतात आणि पान उलटतात. पण वारा म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर सगळी गोष्ट या एका बातमीत आहे.

सुरुवात हवेच्या वजनापासून करू, कारण ते पटल्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही. हवा दिसत नाही, म्हणून तिला वजनही नसेल असं आपण धरून चालतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतली हवा तागडीत घालता आली, तर ती सुमारे 33 किलो भरेल! अशा हवेचा कित्येक किलोमीटर उंचीचा थर आपल्या डोक्यावर आहे. त्याच्या वजनामुळे जो दाब पडतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो सरासरी 1013 हेक्टोपास्कल असतो. हा दाब सगळीकडे अगदी सारखा राहिला असता, तर झाडाचं पानही हललं नसतं. तो एका जागी थोडा जास्त, दुसऱ्या जागी थोडा कमी झाला की हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते. तोच वारा.

मग दाबात फरक पाडतं कोण? सूर्य. सूर्याची किरणं हवेतून बरीचशी सरळ खाली येतात आणि आधी जमीन तापवतात. हवा तापते ती मुख्यतः जमिनीमुळे. जुहूच्या वाळूत दुपारी अनवाणी उभं राहवत नाही, आणि चार पावलांवरचं पाणी मात्र गार लागतं. ऊन दोघांवर सारखंच पडलेलं असतं. पण वाळूत उष्णता वरच्या काही सेंटिमीटरमध्येच अडकते. पाण्यात ऊन खोलवर शिरतं, लाटा ती उष्णता खालीवर घुसळतात, काही उष्णता बाष्पीभवनात खर्च होते आणि मुळात पाणी तापायलाच वाळूपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते.

आता पुस्तकांत साधारण असं लिहिलेलं असतं: जमिनीवरची हवा तापून वर जाते, तिथे पोकळी तयार होते आणि ती भरायला समुद्रावरची हवा धावते. हे मला अर्धवट वाटतं. पोकळी वगैरे काही होत नाही. होतं ते असं: जमिनीवरची हवा तापून फुगते, हवेचा तो थर उंच होतो आणि त्याच्या वरच्या भागातली थोडी हवा समुद्राच्या दिशेने निसटते. म्हणजे जमिनीवरच्या हवेचं वजन थोडं घटलं, समुद्रावरच्या हवेचं वाढलं. फरक जेमतेम एखाद्या हेक्टोपास्कलचा, हजारात एकाचा. तेवढा पुरतो. खालून समुद्राची गार हवा किनाऱ्यावर शिरते. हेच खारे वारे.

हे घरी पाहता येतं. मोठं कुणीतरी सोबत असताना खोलीतला पंखा बंद करा, फ्रिजचं दार थोडं उघडा आणि पेटलेली उदबत्ती फटीच्या तळाशी धरा. धूर बाहेर, तुमच्या पायांकडे वाहतो. तीच उदबत्ती फटीच्या वरच्या टोकाशी न्या: धूर आत ओढला जातो. गार हवा खालून बाहेर, ऊबदार हवा वरून आत. फ्रिजच्या जागी अरबी समुद्र आणि खोलीच्या जागी कोकण धरलं की झालं.

रात्री जमीन पटकन निवते, समुद्र ऊब धरून राहतो आणि चक्र उलटं फिरतं. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. इंजिनं येण्याआधी किनाऱ्यावरचे नाखवे या वेळापत्रकावर शिडाची होडी हाकायचे: पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी.

तर मार्चमध्ये बिघडतं काय? त्या दिवसांत कधीकधी पूर्वेकडून, तापलेल्या पठारावरून येणारा कोरडा वारा जोरात असतो. तो समुद्रावरच्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो. तिन्ही बाजूंनी पाण्याजवळ असलेला कुलाबा त्यातल्या त्यात बचावतो, सांताक्रूझचा पारा मात्र चढत जातो.

आणखी एक गंमत. समुद्र मुंबईच्या पश्चिमेला, तरी उन्हाळ्यात दुपार कलली की वारा बऱ्याचदा वायव्येकडून येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहता वारा आपल्या उजवीकडे वळतो. या वायव्येत त्याचाही हात आहे. गास्पार कोरिओलिस या फ्रेंच अभ्यासकाने 1835 मध्ये याचं गणित मांडलं. किनाऱ्यावर हे वळण लहान, पण हजारो किलोमीटरच्या प्रवासात ते सगळी दिशाच बदलून टाकतं. जूनमध्ये दक्षिण हिंदी महासागरावरून निघालेले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून जोर धरतात आणि आपल्याकडे पोचतात ते नैऋत्येकडून. हेच वारे आपला मोसमी पाऊस आणतात. एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच, त्याने 1686 मध्ये अशा वाऱ्यांचा नकाशा काढून त्यांचं मूळ सूर्याच्या उष्णतेत शोधलं होतं.

सह्याद्रीच्या माथ्यावर, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच मोसमी वाऱ्याच्या भरवशावर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, म्हणून आषाढातला वारा त्यांना फार मोलाचा.

येत्या पावसाळ्यात एक करून पाहा. नैऋत्येचा वारा सुटला असेल तेव्हा मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात सरळ बाजूला पसरा. बाइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने 1857 मध्ये नियम सांगितला, की उत्तर गोलार्धात कमी दाबाचा प्रदेश साधारण या हाताला असतो. तुमचा हात वायव्येकडे असेल, आणि त्या दिशेला, राजस्थान-सिंधच्या तापलेल्या वाळवंटावर, पावसाळ्यातला तो मोठा कमी दाबाचा पट्टा खरोखरच असतो.