वार पाठ झाले, पण आज वार कोणता?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बुधवारी सकाळी मी एका शेतकरी बंधूंच्या काकडीच्या मांडवात उभा होतो. त्यांनी नुकतेच कीटकनाशक फवारले होते. औषधासोबतच्या माहितीपत्रकात फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ते वाचून मी घरातल्या सर्वांना सांगितले, "आता रविवारीच तोडा. तोवर काकडीला कुणी हात लावू नका." त्यांचा सहा वर्षांचा मुलगा जवळच उभा होता. "बाळ, वार येतात का रे तुला?" असे विचारताच त्याने रविवारपासून शनिवारपर्यंत सातही वार एका दमात म्हणून दाखवले. आम्हा सर्वांना मोठे समाधान वाटले.

शुक्रवारी सणाची सुट्टी होती. पोरगा मांडवात गेला आणि न धुताच दोन काकड्या खाऊन आला. दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी एक शहाणपण केले. औषधाची बाटली बरोबर घेऊनच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मुलगा सुखरूप घरी आला. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "शाळेला सुट्टी होती ना काका, मला वाटलं आज रविवार."

चूक पोराची नव्हती. आम्ही त्याला वारांची नावे शिकवली होती, वार शिकवला नव्हता. पाढा म्हणता आला म्हणजे हिशेब आला असे नाही, तसेच हे आहे.

सुरुवात बाजाराच्या वारापासून

आपण मुलांना रविवारपासून शिकवतो, कारण शाळेला सुट्टी असते. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली. पण शेतकऱ्याच्या घरात रविवार वेगळा दिसतो कुठे? गाईची धार त्या दिवशीही काढावीच लागते. म्हणून लहान मुलाला आधी एकच वार पक्का करून द्यावा, तो म्हणजे आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा. त्या दिवशी आई पिशव्या काढते, आजी शेव-चुरमुरे आणते. हा वार मूल विसरत नाही.

मग त्याच्या दोन्ही बाजूंचे वार शिकवावेत. भाजी तोडून जुड्या बांधतो तो बाजाराचा आदला दिवस. आणलेला खाऊ संपतो तो दुसरा दिवस. कित्येक घरी सोमवारी बैल जुंपत नाहीत. तिथे सोमवारही आपोआप कळतो. असे एकेक वार जोडत गेले की महिना-दीड महिन्यात आठवडा भरतो.

थोड्या मोठ्या मुलाला शेजारच्या गावांचे बाजार सांगावेत. व्यापारी एका गावचा बाजार उरकून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पाल ठोकतो, म्हणून जवळजवळच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरतात. चाकणचा जनावरांचा बाजार शनिवारी, सांगोल्याचा रविवारी, तिकडे गोव्यात म्हापशाचा बाजार शुक्रवारी. मामाच्या गावचा बाजार कोणत्या वारी, हे तर मूल आवडीने लक्षात ठेवते.

ओळ नको, चाक काढा

वार ओळीने लिहिले की शनिवारी आठवडा संपला आणि पुढे काही नाही, असे मुलाला वाटते. म्हणून ओसरीच्या भिंतीवर गेरूने गाडीचे चाक काढा. त्यात सात घरे पाडा आणि प्रत्येक घरात त्या वाराचे चित्र काढा. बाजाराला पिशवी, सोमवारला बैल, रविवारला सूर्य. प्रत्येक घरात एक खिळा ठोका. रोज तोंड धुतल्यावर मुलाने लाल चिंधी एक घर पुढे टांगायची. मग दोनच प्रश्न विचारा: "काल कुठं होती? उद्या कुठं जाईल?" रोज एवढे पुरे. मूल चुकले तर रागावू नका. चाकाकडे बोट दाखवा.

दोन ठिकाणी मुले हमखास अडखळतात. आजी 'आइतवार' म्हणते, बाई 'रविवार' म्हणतात. आइतवार म्हणजे आदित्यवार, आणि आदित्य व रवि दोन्ही सूर्याचीच नावे. तसेच बेस्तरवार म्हणजे बृहस्पतीचा वार, अर्थात गुरुवार. दोन्ही नावे एकाच वाराची, हे मुलाला सांगावे. आजीला चूक ठरवू नये. दुसरी अडचण 'परवा'ची. आपला परवा मागचाही असतो आणि पुढचाही! म्हणून मुलाशी बोलताना वाराचे नाव घ्यावे.

एकवीस दिवसांचा हिशेब

बाजाराच्या दिवशी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवा आणि मुलाला सांगा, "तिसऱ्या बाजाराला पिल्ले निघतील." अंडी उबायला एकवीस दिवस लागतात, म्हणजे बरोबर तीन आठवडे; एखादा दिवस मागेपुढे. प्रत्येक बाजाराला त्याने भिंतीवर एक रेघ ओढावी. पिल्ले निघाली की आठवडा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मोठ्यांनाही हा हिशेब उपयोगी आहे. गाय मंगळवारी माजावर आली आणि गाभण राहिली नाही, तर सुमारे तीन आठवड्यांनी मंगळवारच्याच आगेमागे ती पुन्हा माजावर येते. मुलाला म्हणावे, "त्या दिवशी गाईकडे लक्ष ठेव हं." पोराला जबाबदारी मिळते आणि आपला माज चुकत नाही.

त्या काकडीवाल्या घरी पुढे असे चाक भिंतीवर आले. फवारणी झाली की ज्या वारी तोडणी, त्या घरात मुलगा स्वतः काकडीचे चित्र काढतो. तरीही लहान मुलाच्या आठवणीवर विसंबू नये, हे त्या बंधूंना मी बजावले आहे. फवारलेल्या वाफ्याला लाल फडके बांधावे, औषध कुलपात ठेवावे. वार ओळखण्याचे काम मुलाचे, राखणीचे काम मात्र आपलेच.