बुलेट पेरणी कशी करते?

चढावर सायकल चालवताना आपण हलका गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, चाक मात्र सावकाश. पण चढ निघतो. वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा, असा हा व्यवहार.

गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४च्या सुमारास हाच व्यवहार शेतात आणला. डिझेल बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा आस बसवला, मागे अवजारांची दांडी जोडली. हीच ‘बुलेट सांती’.

इंजिन गरगर फिरतं. गिअर आणि चेन ते फेरे कमी करत चाकापर्यंत नेतात. फेरे घटतील तितका ओढण्याचा जोर वाढतो. पण चाकाने माती पकडली नाही, तर सगळा जोर जागच्या जागी वाया जातो. चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक आठवा. ही पकड बरीचशी वजनातून येते. म्हणून खोल नांगरट जड ट्रॅक्टरनेच करावी. बुलेट सांतीसारखी हलकी गाडी पेरणी-कोळपणीला उत्तम: माती कमी दाबली जाते आणि पिकाच्या ओळींमधून ती सहज निघते. कामानुसार केलेली ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्या जळगाव जिल्ह्यात, शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी तर इंजिनही वगळलं. सायकलचं पुढचं चाक, हँडल आणि मागे कोळप्याची पास. ज्याला बैलजोडी परवडत नाही असा शेतकरी हे कोळपं स्वतःच ढकलत तण काढतो. चाकामुळे अवजार उचलून धरावं लागत नाही. अंगातली बरीचशी ताकद मातीत शिरणाऱ्या पात्याला मिळते.