केमोनंतरच्या मुंग्या

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन ही औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर नसांनाही इजा करू शकतात. सर्वांत लांब नसांवर परिणाम आधी होतो, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होतो. ऑक्सॅलिप्लॅटिनचा त्रास तर केमो संपल्यावरही काही महिने वाढू शकतो. हे आधी कोणी सांगितले नसेल, तर रुग्ण उगाच धास्तावतो.

पुनर्वसनात माझ्या मते सर्वांत मोलाचे काम तोल सांभाळण्याचे. तळव्यांना जमीन नीट कळत नाही. अंधारात किंवा ओल्या न्हाणीघरात पाय घसरतो. फिजिओथेरपिस्ट एका पायावर उभे राहणे, टाचेला बोटे भिडवत सरळ रेषेत चालणे, पायांचे स्नायू बळकट करणे असे व्यायाम शिकवतात, सुरुवातीला ओट्याचा किंवा भिंतीचा आधार घेऊनच. बटणे लावणे, भाजी चिरणे यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत होते.

दुखणे असेल तर डॉक्टर ड्युलॉक्सेटिन देऊ शकतात. नुसत्या बधिरपणावर मात्र खात्रीचे औषध नाही. घरात अनवाणी फिरू नका, रोज तळवे तपासा, आंघोळीचे पाणी कोपराने पाहा. आणि केमो चालू असतानाच मुंग्या आल्या तर लगेच सांगा: डॉक्टरांना तेव्हा डोस कमी करता येतो.