बक्षीसपत्रातली एक ओळ

‘घर मुलाच्या नावावर केलं, आता आम्ही मोकळे!’ असं समाधानानं सांगणारी मंडळी प्रत्येकाच्या नात्यात असतात. ते ऐकलं की मी हळूच विचारतो, ‘कागदावर काय लिहिलंय?’ हा प्रश्न फारसा कुणाला आवडत नाही. पोटच्या पोराला कसल्या अटी घालायच्या?

पण मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत मोठा फरक आहे. मृत्युपत्र आपल्या पश्चात अमलात येतं. हयातीत ते केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्राची नोंदणी झाली, की घर दुसऱ्याचं होतं. मग कधी म्हाताऱ्यांची खाट गॅलरीत जाते, पेन्शनचं पासबुक दुसऱ्याच्या कपाटात जातं, आणि दाद कुठं मागावी ते कळत नाही.

दाद मागायला जागा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. महाराष्ट्रात त्याखालचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. साठी ओलांडलेल्यांना तो करता येतो. स्वतः जाणं जमत नसेल, तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि त्याचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत लागावा, अशी तरतूद आहे.

घराबाबत महत्त्वाचं आहे कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. मात्र हा कायदा लागू झाल्यानंतरच्याच व्यवहारांना हे कलम लागू पडतं.

सगळं अडतं ते ‘अटी’पाशी. २०२२ साली एका आईनं करून दिलेल्या हक्कसोडपत्रात अशी अट नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द करण्याचा आदेश टिकू दिला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या एका आईच्या प्रकरणात सांभाळण्याचं वचन लेखी होतं. तिथं बक्षीसपत्र रद्द झालं आणि मालमत्तेचा ताबाही तिला परत देण्याचा हुकूम झाला.

म्हणून माझं सांगणं एवढंच : शक्यतो मृत्युपत्र करा. द्यायचंच असेल, तर ‘आम्हाला हयातभर इथं राहू द्यावं आणि सांभाळावं’ हे कागदात लिहून घ्या. चांगल्या मुलाला त्यात अपमान वाटणार नाही. आणि सही करण्यापूर्वी तो कागद चष्मा लावून, सावकाश, स्वतः वाचा.