शाई, कॉफी आणि सुप्त प्रतिमा

फिल्मवर प्रकाश पडताच छायाचित्र तयार होते, असा समज रूढ आहे. वस्तुतः प्रकाशामुळे सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकांवर चांदीचे मोजके अणू तेवढे मोकळे होतात. ही सुप्त प्रतिमा डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर, म्हणजे विकासक द्रावण, इलेक्ट्रॉन पुरवून प्रकाशस्पर्श झालेल्या स्फटिकांचे प्रथम चांदीत रूपांतर करते, आणि मगच चित्र प्रकटते.

कागदावरील सुप्त प्रतिमा प्रकट करण्याची रीत विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांना १८४० साली सापडली. त्यांनी वापरलेले गॅलिक ॲसिड मायफळातून मिळते. आणि मायफळ व लोहक्षार यांपासूनच युरोपातील हस्तलिखितांची शाई शतकानुशतके बनत आली होती. आपल्याकडे हिरडा आणि लोह यांच्या संयोगाने कलमकारीचा काळा रंग सिद्ध होतो, तोही याच जातीचा. अक्षर आणि छायाचित्र यांचे हे नाते केवळ उपमेचे नाही.

१८८८ साली ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला. फिल्म धुण्याचे काम कारखान्याकडे गेले आणि विकासनाची क्रिया सामान्य छायाचित्रकाराच्या दृष्टीआड झाली. ती पुन्हा घरात आणणारा प्रयोग १९९५ साली कोडॅकच्याच गावी, रॉचेस्टर येथील तंत्रशिक्षण संस्थेत, स्कॉट विल्यम्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्या या द्रावणाला पुढे ‘कॅफेनॉल’ म्हणू लागले. नावामुळे कॅफीनकडे श्रेय जाते. परंतु कार्य करते ते कॉफीतील कॅफेइक ॲसिड. गॅलिक ॲसिडाप्रमाणे तेही वनस्पतिजन्य फिनॉल आहे. सोड्याच्या अल्कधर्मी माध्यमावाचून ते निष्प्रभ राहते. म्हणून खाण्याचा सौम्य सोडा येथे पुरा पडत नाही. पुढे प्रयोगकर्त्यांनी क जीवनसत्त्वाची जोड दिली, तेव्हा विकासनाचा वेग वाढला. हायपोच्या द्रावणात प्रतिमा स्थिर करणे मात्र येथेही टळत नाही.

कॉफीचा तपकिरी डाग फिल्मवर उरतो. सोड्याचे प्रमाण, तापमान आणि वेळ बदलली की तीच सुप्त प्रतिमा कधी मृदू, कधी कठोर छायाभेदांनी प्रकटते. एकदा झालेले विकासन परत फिरवता येत नाही. म्हणून अनमोल फिल्मवर थेट प्रयोग न करता प्रथम निरुपयोगी तुकड्यावर करावा.

टॅलबट यांनी आपल्या ग्रंथाला ‘निसर्गाची लेखणी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. घरगुती विकासक त्या लेखणीमागचा मानवी हात दाखवून देतो. जुन्या छायाचित्राला पुरावा मानणाऱ्या अभ्यासकाने, हस्तलिखिताबाबत लेखनिकाचा विचार करावा तसा, त्या हाताचाही विचार केला पाहिजे.