पोटदुखीचे मूळ मोबाइलमध्ये

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने अकलूजला जाणारा. "डॉक्टर, पंधरा दिवस झालं, ह्याला जेवण जाईना. पोटात जळतंय म्हणतो. रातभर जागाच असतो," असे सांगत वडिलांनी आधी घेतलेल्या पित्ताच्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर ठेवली.

मी तपासले. पोट मऊ होते, ताप नव्हता, काविळीची लक्षणे नव्हती. वजन मात्र उतरले होते. नाडी धरली तेव्हा ती नव्वदच्या घरात होती. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल थरथरला आणि माझ्या बोटांखालची नाडी एकदम धावू लागली. फोन थांबला तशी ती थोडी निवली. फोन पुन्हा थरथरला आणि पुन्हा तेच झाले. वडिलांना औषधे आणायला समोरच्या मेडिकलमध्ये पाठवले, दार लोटून घेतले आणि मुलाला विचारले, "कोणाचा फोन येतोय?" तो रडायलाच लागला.

त्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून ही हकिगत देत आहे. कारण असे रुग्ण हल्ली वारंवार येतात. कोणाला डोकेदुखी असते, कोणाच्या छातीत धडधड होते, कोणी मुलगी अचानक कॉलेजला जायचे बंद करते. आजार पोटात दिसतो, मूळ मोबाइलमध्ये असते.

काय घडले होते?

एका मुलीच्या नावाने त्याला मैत्रीची विनंती आली. त्याच्या कॉलेजमधली चार मुले तिच्या यादीत आधीच होती, म्हणून त्याने विश्वास ठेवला. दोन दिवस गप्पा झाल्या. मग तिने व्हॉट्सअॅप नंबर मागितला आणि रात्री व्हिडिओ कॉल आला. समोर नको ते दृश्य होते. पाच-दहा सेकंदांत त्याने कॉल कापला. तेवढ्यात पलीकडून त्याच्या चेहऱ्यासह सारे टिपून घेतले गेले होते. अशा कॉलमध्ये बहुधा समोर मुलगी नसतेच. आधीच तयार असलेली चित्रफीत दाखवली जाते आणि टोळीतला कोणी तरी ती चालवत असतो.

पाच मिनिटांत त्याला दोन गोष्टी पाठवण्यात आल्या. एक ती चित्रफीत, दुसरी त्याच्या मित्रयादीची छायाचित्रे. यादीत मामा होते, चुलत बहीण होती, वर्गशिक्षक होते. "पैसे पाठव, नाहीतर सगळ्यांना पाठवतो." त्याने फीसाठी ठेवलेले पैसे पाठवले. मग आणखी मागणी आली. पुढे 'पोलीस अधिकारी बोलतोय' म्हणून तिसऱ्याच माणसाचा फोन आला. तोही त्याच टोळीचा. पैसे दिल्याने हे थांबत नाही. हा माणूस घाबरतो आणि देतो, एवढेच त्यांना कळते.

मुलींच्या बाबतीत तर कॉलचीही गरज लागत नाही. सर्वांना दिसेल असा ठेवलेला साधा फोटो, अगदी गॅदरिंगचा साडीतला फोटो घेऊन त्यातला चेहरा दुसऱ्याच चित्रावर बसवला जातो. यात त्या मुलीने काहीही केलेले नसते, तरी शिक्षा तिलाच भोगावी लागते. असा फोटो खरा की खोटा याची चौकशी घरातल्यांनीच सुरू केली, तर तिने कोणाकडे पाहायचे?

शरीरात काय होते?

संकट दिसले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदय जोरात चालते, हातांना घाम येतो, भूक मरते, पचन मंदावते. समोर साप आला तर हीच यंत्रणा आपला जीव वाचवते. साप निघून गेला की ती शांत होते. पण खिशातला फोन दिवसातून तीस वेळा थरथरत असेल, तर साप खिशातच बसलेला असतो. आठवडाभर हे चालले की झोप उडते, पोटात आग पडते, वजन घटते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. पित्ताच्या गोळीने जळजळ चार तास थांबेल, मूळ तसेच राहील.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करतो आणि उतावीळपणाला आवर घालतो, तो पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला 'आता सगळे संपले' असे वाटते तेव्हा ते त्याला खरोखरच तसे वाटत असते. २०२२ च्या सप्टेंबरअखेर पुण्यात अशाच धमक्यांपायी अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन तरुण आपण गमावले. त्यातला एक फक्त १९ वर्षांचा होता. एका प्रकरणात पोलिसांचा तपास राजस्थानातील अलवर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत पोहोचला आणि तिथून आरोपीला पकडून आणले गेले. म्हणजे गुन्हेगार सापडतात. मात्र घरात वेळेवर कोणाला तरी कळायला हवे.

असे झाले तर काय करावे?

१. आधी कोणाला तरी सांगा. आई, वडील, मोठी बहीण, शिक्षक, डॉक्टर, ज्याच्यावर विश्वास असेल त्याला. सांगितल्यावर निम्मा ताप उतरतो, हे मी माझ्या दवाखान्यात पाहिले आहे.

२. एक रुपयाही देऊ नका. दिले असतील तर पुढे देणे थांबवा.

३. घाबरून काही पुसून टाकू नका. धमकीचे संदेश, नंबर, खात्याचे नाव, यूपीआय आयडी, पैसे पाठवल्याची नोंद, या सर्वांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. हा पुरावा आहे. त्यानंतरच ते खाते बंद करा, म्हणजे ब्लॉक करा.

४. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिला व मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. वेळापूर असो की अकलूज, जवळच्या पोलीस ठाण्यात जाता येते. गुन्हेगार दुसऱ्या राज्यात बसला आहे म्हणून तक्रार अडत नाही.

५. फोटो किंवा चित्रफीत पसरण्याची भीती असेल, तर 'स्टॉप एनसीआयआय' नावाची मोफत सोय आहे. तुमचा फोटो तुमच्याच मोबाइलवर राहतो. त्याच्यापासून तयार झालेला एक सांकेतिक अंक तेवढा पुढे जातो आणि या व्यवस्थेत सामील असलेल्या कंपन्यांना तो फोटो ओळखून अडवता येतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 'टेक इट डाउन' ही तशीच वेगळी सोय आहे.

कायदा फसवल्या गेलेल्याच्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमानुसार कोणाच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपणे किंवा पसरवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवण्यासाठी ६६-डी कलम आहे. धमकावून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमाखाली खंडणीचा गुन्हा आहे.

गरजेपुरतीच ओळख

माझ्या दवाखान्यात येणाऱ्याचा सारा इतिहास माझ्याकडे असतो. मेडिकलवाल्याला मात्र औषधाचे नाव आणि मात्रा एवढेच लागते. लॅबवाल्याला नाव, वय आणि कोणती तपासणी एवढे पुरते. ज्याला जेवढे लागते त्याला तेवढेच द्यायचे, हा आमच्या पेशाचा नियम. हाच नियम विद्यार्थ्यांनी आपल्या ओळखीला लावावा.

आपली मित्रयादी अनोळखी माणसाला दिसणार नाही अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करता येते. धमकी देणाऱ्याचे खरे हत्यार ती यादीच असते. व्हॉट्सअॅपला सहा आकड्यांचा दुसरा पिन लावावा. ओटीपी कोणालाही सांगू नये, 'तुझ्या मित्राचा फोन बंद आहे' असे कोणी म्हटले तरीही. अर्ज भरायला किंवा प्रिंट काढायला दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअॅप उघडले, तर उठण्यापूर्वी ते बंद करून आधार आणि मार्कशीटच्या फाइली तिथून पुसाव्यात. शिष्यवृत्तीच्या दिवसांत अशा संगणकांवर शेकडो मुलांची कागदपत्रे पडून राहतात. आधारचा पूर्ण क्रमांक आवश्यक नसेल तिथे 'मास्क्ड आधार' द्यावे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

कॉलेजच्या कट्ट्यावर हल्ली आणखी एक आमिष फिरते. "तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील." त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. खाते आणि सिमकार्ड उसने देऊ नये. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर पाहता येते. वर्षातून एकदा जरूर पाहावे.

याचा अर्थ मोबाइल सोडून द्या असा नाही. आषाढीला माउलींची पालखी आपल्या वेळापुरात मुक्कामाला असते. तेव्हा गर्दीला भिऊन आपण घरी बसत नाही. पाकीट आतल्या खिशात ठेवतो. आजीजवळ नाव-पत्त्याची चिठ्ठी देतो, पण ती तिच्या पिशवीत ठेवतो, पाठीवर चिकटवत नाही. तेवढीच सावधगिरी इथे हवी.

पालकांसाठी

मूल सांगायला आले तर पहिले वाक्य जपून बोला. "तरी मी सांगत होतो" हे वाक्य त्या रात्री गिळा. मोबाइल हिसकावून घेऊ नका. तसे केल्यास पुढच्या वेळी ते सांगणार नाही आणि पुरावाही हातचा जाईल. एकाएकी जेवण तुटणे, रात्री जागणे, फोन वाजताच दचकणे, घरातून पैसे नाहीसे होणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, 'मी नसतो तर बरे झाले असते' अशी भाषा, ही लक्षणे दिसली तर शांतपणे विचारा. "जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?" हे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट कोंडलेले बाहेर येते. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. तातडीच्या वेळी ११२.

त्या संध्याकाळी मुलाच्या संमतीने मी वडिलांना आत बोलावून सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. हातातली औषधाची पिशवी तशीच धरून होते. मग मुलाकडे पाहून म्हणाले, "पैशाचं राहू दे. सकाळपासून काय खाल्लंस का?" मुलाने मान हलवली. तिथूनच १९३० ला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दोघे पोलीस ठाण्यात जाऊन आले. धमक्या आठवडाभर आल्या, उत्तर मिळेना तशा थांबल्या. गेलेले सगळे पैसे परत मिळाले नाहीत.

पंधरा दिवसांनी तो तपासणीला आला. दोन किलो वजन वाढले होते. नाडी बहात्तर. पित्ताच्या गोळ्या मी बंद केल्या.