दप्तरातील पूर्वज

राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधार्थ समिती नेमली, आणि पूर्वजांचे स्मरण पितृपंधरवड्यापुरतेच करणारी कुटुंबे खापरपणजोबांची नावे धुंडाळू लागली. इतर मागासवर्गाच्या जातपडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. साहजिकच नातवाचे शिक्षण कोतवाल बुकातील एखाद्या ओळीवर अवलंबून राहते. ती ओळ कोणी आणि कशासाठी लिहिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

इंग्रजी अमदानीत मुंबईच्या धनिक हिंदूच्या मृत्युपत्रास १८७० च्या कायद्यापासून न्यायालयाचे प्रोबेट आवश्यक झाले. त्यामुळे त्याच्या वंशजास वारसांची नावे एकाच कागदात आयती सापडू शकतात. कवठे महांकाळ परिसरातील अवर्षणग्रस्त शेतकऱ्याकडून अशा कागदाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. मोफसिल भागात प्रोबेटची सक्ती नव्हतीच; शिवाय तत्कालीन हिंदू कायद्यानुसार एकत्र कुटुंबातील वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा मृत्युपत्राने देताही येत नसे.

तरीही हा शेतकरी दप्तरातून अजिबात नाहीसा झाला नाही. ब्रिटिश मुलखात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यावर तो मरण पावला की वारसांचा फेरफार होऊ लागला. थोरल्या भावाच्या नावापुढील ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ही अक्षरे मागे आणखी भाऊ असल्याचे सांगतात, ‘अ. पा. क.’ ही अक्षरे अज्ञान मुलाच्या पालनकर्त्याची ओळख देतात. त्याहून बोलका कागद कर्जखताचा. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर जिल्ह्यांना लागू होता. त्यान्वये शेतकऱ्याचे खत गावनिबंधकासमोर लिहिण्याची तरतूद झाली. धनिकाचे नाव त्याच्या संपत्तीने टिकविले. कुणब्याचे पुष्कळदा त्याच्या ऋणाने.

म्हणजेच जुने दप्तर ही समाजाची शिरगणती नव्हे. सारा कोणी भरायचा आणि कर्ज कोणाकडून वसूल करायचे, एवढ्याच प्रश्नांची ती उत्तरे आहेत. ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नव्हता, ते त्यातून निसटले. १९५६ च्या वारसा कायद्यापूर्वी मुलीचे नाव फेरफारात क्वचितच येई; तोंडी बोलीवर वाट्याने जमीन कसणारा आणि भूमिहीन मजूर यांचा मागमूसही बहुधा लागत नाही. नोंद नाही म्हणून पूर्वज नव्हता, असा निष्कर्ष काढणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा होणारा अन्याय ठरेल.

या भागात अडचण दुहेरी आहे. ब्रिटिश सातारा आणि सांगली, मिरज, जत ही संस्थाने यांच्या सीमा येथे एकमेकींत गुंतल्या होत्या. कवठे महांकाळजवळचे कुची हे सांगली संस्थानातले. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सत्ता बदलली तसे दप्तरही विखुरले. त्यातील जुना भाग मोडीत असून, ती सफाईने वाचणारी पिढी मावळत चालली आहे.

आजचा शोध एका शब्दासाठी चालतो; तो सापडला की रुमाल पुन्हा बांधला जातो. त्याऐवजी संपूर्ण रुमालांची छायाचित्रे घेऊन गाववार सूची करावी आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत मोडीचे वर्ग चालवावेत. दाखल्यांचा वाद आज ना उद्या मिटेल. वाळवीने खाल्लेला कागद मात्र कोणत्याही समितीस परत आणता येणार नाही.